जपून ठेवलेला हात

समोरच्या गच्चीवर काल यंदाची पहिली चादर अंथरली गेली. जुनी, धुऊन धुऊन विटलेली, निळ्या काठाची. चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे आणि मधोमध कुरडयांच्या ओल्या रांगा. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले होते, ती बादली तशीच ठेवून बघत उभी राहिले. सकाळचे साडेसातच वाजले होते, पण नागपूरचं एप्रिलमधलं कोवळं ऊन कोवळं फक्त म्हणायला असतं. खालच्या कडुलिंबाचा मोहोर गळत होता. त्याचा किंचित कडू, किंचित गोड वास वर आला आणि माझी सकाळ गेली कामातून. चहा उकळून उकळून काळा झाला, नवऱ्यानं तो मुकाट्यानं प्यायला, आणि मी धरमपेठेतल्या माझ्या छोट्या दवाखान्यात पाऊण तास उशिरा पोचले.

उन्हाळा आवडतो असं म्हटलं की लोक आपल्याकडे संशयानं बघतात. पुण्याकडचे पाहुणे तर आमच्या उन्हाबद्दल असे हळहळतात, जसं काही ते आम्हाला शिक्षा म्हणून झालंय. खरं सांगू का, मला आवडतो. दुपारी दोनच्या सुमाराला या शहरात जी शांतता पडते, ती दुसऱ्या कुठल्या ऋतूत नाही. रस्ते ओस, दुकानांची शटरं अर्धी खाली, रसवंतीवाला स्वतःच बाकावर आडवा. घरोघरी कूलरची घरघर आणि वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास. त्या वासात माणूस धड झोपत नाही आणि धड जागाही राहत नाही. माझ्या आठवणी बहुतेक त्या अर्धवट झोपेतच येतात. न बोलावता येतात आणि दरवर्षी एकाच उन्हाळ्यापाशी जाऊन थांबतात, माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या.

मी व्यवसायोपचार शिकत होते. ऑक्युपेशनल थेरपी. हे नाव घेतलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्याची मला आता सवय झाली आहे. "म्हणजे फिजिओच न?" असं विचारतात. माझ्या आत्यानं तर चारही वर्षं सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, की पोरगी मालिश शिकते. आधी मी चिडायचे, मग सोडून दिलं. सांगायचं तरी काय? की आम्ही माणसाला पुन्हा साडी नेसायला शिकवतो, भात कालवायला शिकवतो, कुलूप उघडायला, स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवतो? ज्याला हे सगळं येतं, त्याला यात शिकण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. ज्याचं गेलेलं असतं त्याला बरोबर कळतं.

आमचा विभाग एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. लांबलचक हॉल, उंच छत, जाड भिंती. एका भिंतीवर मोठी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर कड्या, कोयंडे, नळ, दिव्याची बटणं, कुलपं, असं काय काय बसवलेलं. कुठल्याच दाराची नसलेली ती कडी लोक तास तास लावायचे आणि उघडायचे. कोपऱ्यात सरावासाठी स्वयंपाकघर होतं. गॅस, ओटा, पोळपाट-लाटणं, आणि डब्यात एक डाळ, जी वर्षानुवर्षं निवडली जायची आणि कधीच शिजायची नाही. उन्हाळ्यात खिडक्यांना ताट्या लागत. शिपाईमामा सकाळ-दुपार त्यांवर पाइपनं पाणी मारत आणि मग आत एक हिरवट अंधार पसरे. त्या अंधारात पंचवीस-तीस माणसं आपापल्या हातांकडे बघत बसलेली असत. मला तो हॉल अजून स्वप्नात दिसतो. स्वप्नात कोणीच बोलत नसतं, फक्त कड्यांचा आवाज येत असतो.

पांढरीपांडे मॅडम आमच्या विभागप्रमुख. ठेंगण्या, कडक, अंगावर सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. पेशंट सदऱ्याचं बटण लावत असला की आम्हाला त्या समोर स्टुलावर बसवत, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. "हातांवर बसा," म्हणत. पेशंटला एक बटण लावायला सात-सात मिनिटं लागत आणि तेवढा वेळ आपले हात नुसते शिवशिवत. आपण लावून दिलं तर एका क्षणाचं काम. "लावून दिलंत, तर त्याचं बटण तुम्ही चोरलंत," असं मॅडमचं म्हणणं. माझे हात त्या बाबतीत फार चोरटे होते. दोनदा तर मी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली.

शेवटच्या वर्षाची पद्धत अशी होती, की प्रत्येकानं एक पेशंट तीन महिने सांभाळायचा, त्याची जाडजूड फाइल लिहायची आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांपुढे तो पेशंट हजर करायचा. मार्क म्हणायला फाइलला होते, पण बघायचे ते पेशंटचा हातच. फेब्रुवारीत माझ्या वाट्याला अनुसयामावशी आल्या. कुही तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. पन्नाशी उलटलेली, उंच, सावळ्या, कपाळावर हिरवं गोंदण. आदल्या पावसाळ्यात त्यांचा नवरा गेला होता. मग डिसेंबरात एका सकाळी चहा ओतताना हातातलं भांडं पडलं आणि उजवी बाजूच गेली. लकवा. पाय लवकर सुधारला, हात काही येईना. त्यांची एकुलती लेक वर्षा नागपुरातच, दिघोरीकडे, दोन खोल्यांत राहत होती, नवरा आणि दोन मुलींबरोबर. गावच्या घराला कुलूप घालून तिनं आईला इकडे आणलं होतं. जावई भला माणूस होता, पण लेकीच्या घरी इतके दिवस राहायचं म्हणून मावशी तिथे पाहुण्यासारख्या अंग चोरून राहत.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे भोकांची पाटी ठेवली आणि रंगीत खुंट्या. खुंटी उचलायची आणि भोकात बसवायची. त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पोट्ट्यायचे खेळ खेळाले आणलं काय वं मले इथं?"

"मग तुम्हाला काय करायचं आहे, मावशी?"

"मले अकितीले घागर भराची हाय."

अकिती म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून ठेवतात, ऐन उन्हाळ्यात त्यांना पाणी पोचावं म्हणून. मावशींच्या नवऱ्याची ही पहिलीच घागर. "वर्षाच्या बाबाची पह्यली घागर हाय," त्या म्हणाल्या. "ते त्याच्याच घरी भराची. इथं जावयाच्या घरी थोडीच येईल तो पानी प्याले? अन् डाव्या हातानं कशी भरू? डाव्या हातानं कोनी कोनाले पानी देते काय?" एवढं बोलून त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मी फाइल उघडली आणि उद्दिष्टाच्या ओळीत लिहिलं, उजव्या हाताने जेवणे. पुस्तकात तसंच लिहायला सांगितलं होतं.

त्या वर्षी पळस फार फुलला होता, असं मला वाटतं. कदाचित दरवर्षी तेवढाच फुलत असेल. मावशी बोलायला लागल्या की गाव आमच्या त्या हॉलमध्येच येऊन बसे. घरामागचं मोहाचं झाड, पहाटे फुलं वेचायला जाताना पायाला लागणारी गार माती, धानाच्या बांधावरून चालत जाणारा नवरा, त्याची खाकरायची लकब. बंद घरात आता उंदरांनी काय काय केलं असेल याची त्यांना काळजी. मी त्यांच्या खांद्याला आधार देत, मनगट सोडवत, एकेक बोट मोकळं करत ऐकत राही. ऐकता ऐकता माझाच डोळा लागेल की काय असं वाटे. बाहेर ऊन पांढरं होत जाई, ताट्यांमधून थेंब पडत राहत. मी शहरात वाढलेली मुलगी, पण त्या दोन महिन्यांत मला ते घर असं पाठ झालं, की अंधारात सोडलं असतं तरी चूल सापडली असती.

मार्च सरत आला तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, उन्हाळ्यात घरी काय काय करता? त्या म्हणाल्या, "सरगुंडे." विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. कणीक घट्ट भिजवायची, तिची बारीक लांब वळी करायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची, अलगद काडी काढून घ्यायची आणि ती गुंडाळी उन्हात वाळवायची. मग शिजवून आमरसाबरोबर खायची. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात दिवे लागत होते. वळी करणं म्हणजे बोटांचं काम, गुंडाळणं मनगटाचं, काडी काढणं अंगठ्याचं. दुसऱ्या दिवशी वर्षा कणकेचा गोळा आणि काड्या घेऊन आली आणि आमच्या सरावाच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा काहीतरी खरंखुरं बनायला लागलं.

पहिल्या आठवड्यात वळ्या तुटत होत्या. मग त्या जाड जाड व्हायला लागल्या. हळूहळू हॉलमधली बाकीची माणसंही तिथे जमू लागली. अपघातात हाताच्या नसा तुटलेला एक ट्रकड्रायव्हर होता, कोणाशी न बोलणारा. तो एक दिवस मावशींच्या शेजारी येऊन बसला आणि कणीक ओढून वळायला लागला. मावशींनी त्याची वळी बघितली. "हळू गा," म्हणाल्या, "ट्रकले बांधाले दोर वळून राह्यला काय?" तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हसला. विभागाच्या मागच्या अंगणात आम्ही एक चादर अंथरली, तिच्यावर वेडेवाकडे सरगुंडे वाळत पडले, आणि पांढरीपांडे मॅडम येता-जाता चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "हे चांगलं केलंस." त्या इतकं सुद्धा कोणाला म्हणत नसत. मी ते आठवडाभर मनात घोळवत होते.

आज दवाखान्यात सात वर्षांची एक मुलगी आली होती. बुटाची लेस बांधता येत नाही म्हणून आली. आई शेजारीच बसली होती, आणि मुलगी गाठीशी झटत असताना ती आपल्या पदराच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती. मला तिची गंमत वाटली आणि दयाही आली. मुलगी लेसशी इतक्या निवांतपणे खेळत होती, जणू बाहेर जग नाहीच. मीही खिडकीबाहेरचा गुलमोहर बघत बसले. लेस काही आज बांधली गेली नाही. पुढच्या वेळी बघू.

एप्रिल अर्धा झाला तोवर मावशी उजव्या हातानं भात कालवून जेवायला लागल्या होत्या. माझं फाइलमधलं उद्दिष्ट पूर्ण झालं. त्यांचं स्वतःचं त्यांनी एका दुपारी पूर्ण केलं. हॉलच्या टोकाला पाण्याचा माठ होता, तिथे त्या गेल्या, तांब्या भरला, उजव्या हातानं उचलला आणि शेजारच्या बादलीत धार धरली. हात थरथरत होता, पण धार तुटली नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्या त्या पाण्याकडेच बघत होत्या. मी स्टुलावरून उठलेही नाही. मला इतका आनंद झाला होता, की उठले असते तर रडले असते.

मग परत येऊन बसल्या आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मॅडम, आता जाऊ न मी घरी? अकितीले पंधरा दिस राह्यले. घर झाडाचं हाय, सारवाचं हाय. तू सांगशीन तं उद्याच निंगते." त्या मला मॅडम म्हणत आणि त्याच दमात तूही म्हणत.

हात तयार होता. आत्ताच तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. राहिलेलं सगळं घरच्या कामानं झालं असतं, उलट आमच्या हॉलपेक्षा बरं झालं असतं. पण माझी परीक्षा अकितीच्या तीन दिवसांनंतर होती. एकदा गावी गेलेला पेशंट परत येत नाही, हे आमच्यात प्रत्येकाला ठाऊक होतं. मला ती रिकामी खुर्ची दिसली, परीक्षकांच्या कपाळावरची आठी दिसली, तीन महिन्यांची माझी फाइल दिसली. मावशींची घागर त्या क्षणी मला दिसली नाही. खरं म्हणजे दिसली, मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "अजून हात तयार नाही, मावशी. घाई केली तर बिघडेल. जपा थोडं. अकितीचं पाहू."

चार वाक्यं. चारही फार गोड आवाजात. मावशींनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता, की धार स्वतः धरलेली असूनही त्यांनी माझंच खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून मला बारा दिवस वाचनाची सुट्टी होती. सुट्टी संपली की या, तोवर घरी आराम करा, असंही मीच सांगितलं.

ते बारा दिवस आठवतात ते एका लांब दुपारीसारखे. मी आमच्या बैठकीत फरशीवर पालथी पडून वाचत असे, फरशीवर ओला टॉवेल टाकून. वरच्या गच्चीवर आईच्या शेवया वाळत होत्या आणि दर तासाला तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून वर जाई, खाली येई. हाताचे स्नायू पाठ करता करता माझं डोकं पुस्तकावर टेके. झोप लागे, झोपेत कोणीतरी कुठेतरी पाणी ओतत असे आणि ते कधी संपत नसे. मी दचकून उठे, तोंड धुई, पुन्हा वाचायला बसे. मी स्वतःला सांगत होते, की काही दिवसांचाच तर प्रश्न आहे, मावशींचा हात आणखी पक्का होईल, बरंच आहे. दोन-तीनदा वर्षाला फोन करावा असं वाटलं. केला नाही. अभ्यास होता न.

अकितीच्या दोन दिवस आधी मावशी आल्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला आणि वरून डाव्या हातानं धरलेला. मी पदर सोडवला. बोटं आत मुडपलेली, मनगट ताठ, हाताच्या पाठीवर सूज. मी माठापाशी नेलं आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. तो त्यांच्याकडून उचललाच गेला नाही.

"मावशी, घरी काहीच केलं नाही का हातानं?"

"नाही न," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरा अभिमानच होता. "तूच म्हटली होती, जप म्हून. जपून ठेवला मी. जेवन डाव्या हातानं केलं, येनी वर्षानं घालून देल्ली. घागरीसाठी ठेवला न."

वर्षा मागून म्हणाली, "मॅडम, पोरींनी हात धरला तरी आई रागवे. सरगुंडे करू म्हटलं, तं नाही म्हने, हात तयार नाही अजून. दिवसभर उशीवर ठेवून बसे."

मी चार वर्षं हेच तर शिकले होते. लुगडं जपून ठेवलं तर टिकतं, दागिना टिकतो. लकव्यातून उठलेला हात ठेवला की जातो. तो रोज वापरावा लागतो, चुकत-माकत, सांडत. हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि मीच त्या बाईला 'जपा' म्हणून सांगितलं होतं, तिला शहरात अडकवून ठेवायला हाताशी दुसरा शब्द नव्हता म्हणून. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. खोटं पुढे रेटणं अजूनही सोपं होतं. उन्हानं झालं असेल, असं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

"मावशी, हात पंधरा दिवसांआधीच तयार होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "काहून?"

"माझी परीक्षा आहे. तुम्हाला परीक्षकांना दाखवायचं होतं. गावी गेलात तर तुम्ही परत येणार नाही, अशी भीती वाटली मला."

शिपाईमामा बाहेरून ताट्यांवर पाणी मारत होते, ते फिरत फिरत आमच्या खिडकीपर्यंत आलं आणि पुढे गेलं. वर्षा माझ्याकडे बघत होती, तिच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती झाली नाही.

"परीक्षेचं सांगाचं न वं मंग," मावशी अखेर म्हणाल्या. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात. "आली असती मी. अकिती करून दुसऱ्या दिवशी बसनं आली असती. तुले नाही कशी म्हटली असती मी? तू विचारलंच नाही."

मला वाटलं आता संपलं, त्यांनी माफ केलं. पण त्या उठल्या, हात पुन्हा पदरात घेतला आणि म्हणाल्या, "आता मातर नाही येत मी."

"दोन दिवसांत येईल काय हात परत?" वर्षानं दारातून विचारलं. मी नाही म्हटलं. घरी करायच्या व्यायामांचा कागद मी तिच्या हातात दिला आणि पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, की हात वापरायचा, पडलं-सांडलं तरी वापरायचा. ती ऐकून न ऐकल्यासारखी उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या दोघी गेल्या.

पांढरीपांडे मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुला बटणं चोरू नको म्हणून सांगत होते," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "परीक्षकांना काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, जे झालं ते. "सांग," म्हणाल्या आणि निघून गेल्या. परीक्षेच्या दिवशी बाकी सगळ्यांचे पेशंट आपापल्या खुर्च्यांवर बसले होते, धुतलेल्या कपड्यांत, केसांना तेल लावून. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी. परीक्षकांनी फाइल चाळली, सरगुंड्यांच्या पानावर जरा थांबले आणि विचारलं, "पेशंट कुठे आहेत? हात कसा आहे त्यांचा?" मी म्हटलं, "घरी गेल्या, सर. हात चांगला झाला होता. मग माझ्यामुळे बिघडला." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पूर्ण गोष्ट ऐकून घेतली. काठावर पास केलं त्यांनी मला.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. माझ्याबरोबरच्या मैत्रिणी म्हणतात, लकव्याचा हात तसाही कुठे पूर्ण येतो, त्या पंधरा दिवसांनी काय मोठा फरक पडला असेल. असेलही तसं. मला ते कधीच कळणार नाही आणि हेच मला सहन होत नाही. मी आता पेशंटला 'पाहू' म्हणत नाही. कधी घरी जाता येईल विचारलं तर तारीख सांगते, आणि मला त्यांच्याकडून काही हवं असेल तर ते तोंडानं मागते. पुष्कळदा मिळतं. मिळालं की बरं वाटण्याऐवजी मला मावशी आठवतात आणि दुपार हातची जाते.

निकाल लागला तेव्हा जून उजाडला होता, पण ऊन तसंच होतं, आणि लोक आभाळाकडे बघून बघून थकले होते. घरात पेढे आले. आत्यानं पोरगी मालिशवाली डॉक्टर झाली म्हणून सांगायला सुरुवात केली. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि वर्षाला फोन लावला. ती मुलींना घेऊन आईकडेच गेलेली होती. माझं नाव तिनं तिकडे मोठ्यानं उच्चारलं. मग पलीकडे कोणाचा तरी आवाज आला, "दे इकडे," आणि फोन मावशींनी घेतला.

"मॅडम काय?"

"हो, मावशी." मी काय विचारायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. "घागर भरली का?"

"भरली न. डाव्या हातानं भरली." पलीकडे एक कोंबडी ओरडली, कोणीतरी तिला हाकललं. "उजवा मांगंच राह्यला वं पोरी. लावतो कामाले, पन मांगंच राह्यला. वर्षाच्या बाबाले म्हटलं मी, यंदा असंच घे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुह्यं काय झालं?" मग त्यांनी विचारलं. "पास झाली न?"

मी हो म्हटलं. इतक्या हळू म्हटलं, की त्यांना ते पुन्हा विचारावं लागलं.